राख पुसलेली पाच बटणं

१

रविवारची प्रार्थना सुटली आणि अख्खं गाव चर्चशेजारच्या कचेरीच्या टाकीतलं पाणी प्यायलं.

चहा झाला. किसलेल्या कंदाचं लापलाप खाऊन घसा सुकला म्हणून पुन्हा चहा झाला. मीही दोन कप ढोसले, खोटं कशाला बोलू. रूथवहिनींनीच हातात आणून दिले. "तुम्ही नाही घेत?" विचारलं, तर म्हणाल्या, "पोटात गडबड आहे भाऊजी, मी आपली शहाळ्यावर." मग भांडी विसळणाऱ्या बायकांनी ओरडा केला की नळाची धार करंगळीएवढी झालीय, टाकीत काहीतरी अडकलंय. परिषदेचा सचिव हॅरिसन शिडी लावून वर चढला, लोखंडी झाकण उचललं, आत डोकावला आणि तिथूनच खाली भडभडून ओकला.

आत तेरेझ होती. परिषदेच्या कचेरीतली कारकून, नौपाची थोरली मुलगी. काल संध्याकाळपासून तिला कुणी पाहिलं नव्हतं. पोरगी मावशीकडे गेली असेल, असं घरचे धरून चालले होते.

मग ज्यानं त्यानं आपापल्या पोटावर हात ठेवला आणि चर्चच्या आवारात जो प्रकार झाला तो मी सांगत नाही. उभा जन्म पोलिसात काढला, सार्जंट म्हणून निवृत्त झालो, ताना बेटावरचे मुडदे काही कमी पाहिले नाहीत. पण मुडद्याचा चहा पहिल्यांदाच प्यायलो.

तिला काढून चटईवर निजवलं. नौपा आला आणि तिच्या केसांतला पालापाचोळा वेचत बसला. मी तिचे हात पाहिले. नखं तुटून मागे गेली होती आणि बोटांच्या पेरांत सिमेंटचा चुरा होता.

"हे बघ," मी हॅरिसनला बाजूला घेऊन म्हटलं, "ही बाहेर यायला धडपडत होती."

"पाण्यात पडल्यावर सगळ्यांनाच जगावंसं वाटतं, सार्जंट," तो तोंड पुसत म्हणाला, आणि तिच्यावर घालायला ताडपत्री आणतो म्हणून कचेरीकडे गेला.

परत आला तो हात हलवत. ताडपत्री विसरला होता.

"आत चला," तो म्हणाला. "तिनं लिहून ठेवलंय."

२

आमची कचेरी म्हणजे एक खोली. वादळानं खिडकीच्या काचा नेल्या, तेव्हापासून तिथे फाटकं प्लास्टिक फडफडतं. शनिवारी दुपारी आमच्या ज्वालामुखी डोंगरानं राख ओकली ती त्या फटीतून आत आली होती आणि टेबल, खुर्च्या, कपाट, सगळ्यावर पिठासारखी बसली होती. सूर्य बुडायच्या सुमारास वारा फिरला, तेव्हा ती थांबली. त्यानंतर कणभरही पडली नाही.

हॅरिसननं माऊस हलवला. संगणकाचा काळा पडदा उजळला. त्यावर चार ओळी होत्या.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही," हॅरिसन म्हणाला. "ही फ्रेंच, बेडकांची भाषा. पण खाली तिचं नाव आहे, एवढं कळतं."

फ्रेंच शाळेचे एमील मास्तर मागोमाग आलेच होते. मास्तरांनी वाचलं.

"वादळातल्या लोकांसाठी आलेल्या तांदळाची पोती मी चोरली. बाबांना ठाऊक होतं. आता ही लाज सोसवत नाही. मला क्षमा करा. तेरेझ."

दारात गर्दी झाली होती. वादळानं बागा झोपवल्यापासून गाव रानातले कंद उकडून खात होतं. दोन तान्ही पोरं हगवणीनं गेली होती. त्या गावासमोर कुणीतरी 'तांदूळ' म्हटलं, 'चोरला' म्हटलं, आणि 'बाप' म्हटलं. मघाशी नौपाच्या पाठीवरून हात फिरवणारी माणसं दोन पावलं मागे सरकली. एक म्हातारी त्याच्या पायाशी थुंकली.

"ती असलं लिहिणार नाही," नौपा म्हणाला.

"तुला वाचता येतं का रे?" गर्दीतून कुणीतरी टोमणा हाणला.

नालाऊ मुखियांनी काठी आपटली. मुखिया हलक्या काळजाचा माणूस नाही. म्हणाले, "ज्यानं उपाशी गावाचं अन्न चोरलं त्याच्या घराण्याला गावात जमीन नाही. हा नियम माझ्या आजोबांच्या आधीचा आहे. उद्या संध्याकाळी नाकामालमध्ये कावा होईल तेव्हा निकाल देईन." नाकामाल म्हणजे वडाखालची आमची पुरुषांची बैठक, आणि कावा म्हणजे मुळ्या कुटून गाळलेलं गुंगीचं पेय.

राखेमुळे विमान बंद होतं आणि डोंगरापलीकडचा रस्ता पुरानं कापला होता. पोलीस यायला आठवडा लागला असता. मुखियांना निकालाला एक दिवस पुरत होता.

नौपानं माझं मनगट धरलं. "सार्जंट, बायको त्या जमिनीत पुरलीय. धाकट्या तिघी त्याच जमिनीवर जगतात. या पोरीला मी कुठे पुरू? तू एवढी वर्षं चोर पकडलेस. उद्या संध्याकाळपर्यंत बघ काहीतरी."

बघतो म्हटलं. आणि खरंच बघत होतो. पोलिसाची एक खोड असते. सगळे जिकडे बघतात तिकडे तो बघत नाही. सगळे पडद्याकडे बघत होते, मी कीबोर्डकडे.

अक्षरांच्या बटणांवरची राख बोटांनी पुसली गेली होती, ते ठीकच. राख पडल्यावर कुणीतरी टाइप केलं, एवढाच त्याचा अर्थ. पण अक्षरांच्या वर आकड्यांची जी आडवी ओळ असते ना, तिच्यावर राख जशीच्या तशी होती. तिला कुणी शिवलंसुद्धा नव्हतं. आणि उजवीकडे आकड्यांचा जो वेगळा चौकोन असतो, हिशेबवाल्यांचा, त्यात पाच बटणं स्वच्छ होती. शून्य, एक, तीन, पाच, आठ. बाकीची राखेखाली.

पडद्यावरच्या त्या चार ओळींत एकही आकडा नव्हता.

३

कीबोर्ड उचलून फडक्यात गुंडाळला आणि घरी नेऊन खाटेखाली ठेवला. मग कचेरीच्या किल्ल्या कुणाकडे आहेत ते विचारलं. कुलूप शाबूत होतं, म्हणजे लिहिणारा किल्लीनंच आत गेला होता. चार किल्ल्या होत्या. एक तेरेझच्या गळ्यातच सापडली. दुसरी हॅरिसनची, तिसरी परिषदेचे खजिनदार म्हणून एमील मास्तरांची, आणि चौथी मदतीचं गोदाम सांभाळणाऱ्या रूथवहिनींची. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची विधवा. भाऊ राजधानीत, वीलात, बंदरावर हमाली करायचा, वहिनी तिथेच कुठल्याशा सरकारी कचेरीत होत्या. तो गेल्यावर त्या बेटावर परतल्या. माझ्याच अंगणात त्यांची झोपडी आणि माझ्या ताटात त्यांच्या हातचं जेवण.

आधी हॅरिसनला गाठलं.

"शनिवारी राख पडली तेव्हा कुठे होतास?"

"घरी. बायकोला विचारा. छपराच्या नळ्या काढत होतो."

राख पडायला लागली की छपरावरून टाकीत येणारी नळी काढायची आणि झाकण लावायचं, नाहीतर महिनाभर गंधक प्यावं लागतं. इथल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. कचेरीच्या टाकीची नळी काढायचं काम तेरेझकडे होतं. ती वर चढली असणार हे सगळ्या गावाला माहीत होतं. झाकण मागून कुणीतरी आत न बघताच लावलं असेल, असं सगळे धरून चालले होते.

"तेरेझशी तुझं पटत नव्हतं म्हणे."

"कुणाचं पटेल? एक यंत्र, दोघं वापरणार. आमचा कीबोर्ड इंग्रजी, ऑस्ट्रेलियातून दान आलेला. ही बया यंत्राला सांगून ठेवायची की याला फ्रेंच समज. बटणावर लिहिलंय एक, उमटणार दुसरंच! मी ए दाबला की क्यू यायचा. मुखियांना पाठवलेल्या पत्रात माझं नावसुद्धा वाकडं गेलं. आणि ही बटणांकडे न बघता टकाटक मारायची, वर हसायची मला."

"परत इंग्रजी करून ठेवत नसे?"

"कध्धीच नाही. रोज सकाळी तेच भांडण."

"तू वीलात होतास ना दोन वर्षं?"

"होतो की. पण फ्रेंचचा वारा लागू दिला नाही अंगाला." हे तो छाती काढून म्हणाला, पदक मिळाल्यासारखं.

एमील मास्तर शाळेच्या पायरीवर बसले होते. डोळे सुजलेले.

"शनिवारी कावा प्यायला उशिरा आलात, मास्तर. नाकामालमध्ये मी तुमच्या शेजारीच बसलो होतो. सगळ्यांच्या वाट्या संपल्या तेव्हा उगवलात."

"मी तिच्यासाठी थांबलो होतो," मास्तर म्हणाले. "पुलापाशी. तिला लग्नाचं विचारणार होतो. आली नाही. मला वाटलं, टाळतेय."

"आणि राग आला."

"आला." त्यांनी माझ्याकडे थेट पाहिलं. "ती बुडत होती आणि मी पुलावर बसून तिला शिव्या देत होतो. आता म्हणा काय म्हणायचं ते."

बिचारा, असं वाटलं. पण बिचारी माणसंच जास्त खून करतात, हेही मला ठाऊक आहे. गावात तर एव्हाना कुजबुज सुरू झाली होती: इतकं शुद्ध फ्रेंच लिहिणारे गावात दोघंच, एक मेली, उरला कोण?

रूथवहिनी गोदामाच्या दारात ताडपत्र्या घड्या घालत होत्या.

"वहिनी, पोती कमी आहेत का?"

"आहेत ना. तेरेझच म्हणाली होती, पुन्हा मोजूया. तीच घेत असेल असं कसं सुचणार मला?" त्यांनी पदरासारखा झग्याचा सोगा डोळ्यांना लावला. "पोर गेली, आता कशाला तिच्या मागे लागता? जेवायला या. भात टाकलाय."

"तुम्ही त्या यंत्रावर काम करता का कधी?"

"मी? मला मेलीला हा फोन वापरता आला तरी खूप. अक्षर दाबून धरलं की वर रेघवाली अक्षरं येतात, एवढंच शिकलेय." आणि हसल्या.

त्या रात्री मी भात खाल्ला. चांगला झाला होता.

४

आता माझं डोकं कसं चाललं ते सांगतो.

फ्रेंच अक्षरांच्या डोक्यावर रेघा असतात. कधी उजवीकडे झुकलेली, कधी डावीकडे, एखाद्या अक्षराला खाली शेपूट. फ्रेंच कीबोर्डवर त्यांची बटणं तयार असतात आणि ती वरच्या आकड्यांच्या ओळीत असतात. तेरेझ यंत्राला फ्रेंच करून घ्यायची, म्हणजे रेघवाला ई हवा की ती वरच्या ओळीतला दोन दाबणार. त्या चार ओळींत रेघवाली अक्षरं ढिगानं होती. आणि वरच्या ओळीवरची राख अखंड. शिवाय पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, यंत्र सध्या कोणत्या भाषेत आहे ते सांगणारी दोन बारीक अक्षरं मी पाहिली होती. यंत्र इंग्रजीत होतं. जी मुलगी हॅरिसनसाठी सहा महिने भांडूनही इंग्रजी करून ठेवत नव्हती, ती मरताना करून ठेवेल?

ते तिनं लिहिलेलंच नव्हतं.

मग कुणी? इंग्रजी कीबोर्डवर फ्रेंच रेघा काढायची आणखी एक रीत आहे. वीलातल्या मुख्य ठाण्यावर होतो तेव्हा पाहिलीय. इंग्रजी शाळेतून आलेल्या टायपिस्टांना सरकारची फ्रेंच परिपत्रकं उतरवावी लागायची. त्यांना फ्रेंच बटणं सरावाची नसत. मग काय, लांब बटणाशेजारचं 'ऑल्ट' नावाचं बटण डाव्या अंगठ्यानं दाबून धरायचं आणि उजव्या हातानं आकड्यांच्या चौकोनात त्या अक्षराचा नंबर मारायचा. एकशे तीस, रेघवाला ई. एकशे अडतीस, उलट्या रेघेचा. एकशे तेहेतीस, एकशे पस्तीस, अशी त्यांची यादी भिंतीला चिकटवलेली असायची. वर्षभरात यादीकडे बघायची गरज उरत नसे, बोटंच पाठ करून टाकायची.

शून्य, एक, तीन, पाच, आठ.

म्हणजे गाव उलट्या दिशेनं बघत होतं. लिहिणारा फ्रेंच शाळेचा नव्हताच. इंग्रजी शाळेचा होता आणि वीलाच्या कचेरीत घासून आलेला होता. मी मनात हॅरिसनच्या हातात बेड्यासुद्धा घातल्या. बेडकांची भाषा काय, बघतोच तुला.

सोमवारी दुपारी तिघांना कचेरीत बोलावलं. गोदामातला दुसरा कीबोर्ड जोडला, तसाच, इंग्रजी. नौपा कोपऱ्यात खाली बसला होता.

"क्रुसावर लावायला तेरेझचं नाव छापून हवंय," मी म्हटलं. "मला जमत नाही. हॅरिसन, तू मार."

हॅरिसननं एका बोटानं एकेक अक्षर शोधत नाव मारलं. डोक्यावर एकही रेघ नाही.

"रेघा?"

"कसल्या रेघा? नाव वाचता येतंय ना?"

सोंग करतोय, मी म्हटलं. पण मेल्याच्या बोटांत खरोखरच काही नव्हतं. अक्षर सापडलं की त्याचा चेहरा उजळायचा, इतका तो अडाणी.

एमील मास्तर बसले. त्यांनी डोळे पडद्यावर ठेवून सरळ दहा बोटांनी मारलं आणि नावाच्या मधोमध एक दोन आणि एक सात उमटला. मास्तरांनी फ्रेंचमध्ये अशी शिवी घातली की तिला भाषांतर लागत नाही. "याला आधी फ्रेंच करा!" म्हणाले. त्यांना दुसरी रीत ठाऊकच नव्हती.

माझा चेहरा पडला. दोघंही सुटले होते. निकालाला दोन तास राहिले होते.

"वहिनी, तुम्हीही एकदा," मी आपलं रीत म्हणून म्हटलं.

"मला कुठे येतं, भाऊजी," म्हणत त्यांनी एका बोटानं, चाचपडत, हॅरिसनसारखंच बोडकं नाव मारलं आणि खुर्ची मागे सारली.

"राहू दे," मी म्हटलं. "जाऊ द्या."

तेवढ्यात नौपा उठून पडद्यापाशी आला. त्याला वाचता येत नाही, पण तिची शाळेची सर्टिफिकिटं त्यानं भिंतीवर लावलेली, रोज पाहिलेली. तो बोट लावून बघत राहिला.

"हे तिचं नाही," तो म्हणाला. "तिच्या नावावर दोन काटे असतात. एक असा, एक तसा. तेही काढून घेतलेत?" आणि तो रडायला लागला. बाप्या माणसानं असं रडू नये. टेबलावर डोकं आपटत, लाळ गाळत, तेच ते बोलत. "काटे द्या रे. तिचे काटे द्या."

"गप हो, गप हो रे बाबा, हे घे," वहिनी वैतागून पुढे वाकल्या आणि नाव नव्यानं मारू लागल्या. डावा अंगठा खाली गेला. उजवा हात चौकोनावर गेला. टक टक टक. टक टक टक. त्या बटणांकडे बघतही नव्हत्या, नौपाकडे बघत होत्या.

पडद्यावर तेरेझचं नाव दोन्ही काट्यांसकट उभं होतं.

त्यांचा हात तिथेच राहिला. मायेनं केलं की कटकट थांबवायला केलं, मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं.

"वहिनी," मी विचारलं, "वीलाच्या कचेरीत तुम्ही काय काम करायचात?"

५

"विचारलंत एकदाचं," वहिनी म्हणाल्या.

बाई कचेरीत जाते म्हणजे झाडूच मारत असणार, असं आम्ही सगळ्यांनी धरलं होतं. भावानं कधी सांगितलं नाही, त्याला बायको आपल्यापेक्षा शिकलेली हे सांगायची लाज. आम्ही कधी विचारलं नाही. बारा वर्षं ती बाई फ्रेंच परिपत्रकं उतरवत होती.

"पोती तुम्ही नेलीत?"

"पलीकडच्या किनाऱ्यावरच्या दुकानात गेली. रातोरात. तेरेझनं मोजलं आणि म्हणाली, सोमवारी मुखियांना सांगते. मी पाय धरले तिचे, भाऊजी. माझ्या मुलीच्या वयाची ती, तरी धरले. म्हणाली, उपाशी पोरांचे पाय धरा. फार तोऱ्यात बोलायची."

"म्हणून ढकललीत."

"नळी काढायला वर चढली तेव्हा शिडी धरायला म्हणून गेले. वाकली होती. जोर लावावाच लागला नाही." त्या अगदी भाजीचा भाव सांगावा तशा सांगत होत्या. "झाकण लावलं आणि वर बसले. आतून मारत होती. डोंगर गरजत होता म्हणून कुणाला ऐकू गेलं नाही. मला ऐकू येत होतं."

मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. हॅरिसन, तो बोलघेवडा हॅरिसन, जमिनीवर बसला.

"मग राख थांबल्यावर आत येऊन लिहिलंत."

"यंत्र फ्रेंचमध्ये होतं, एक अक्षर धड उमटेना. इंग्रजी केलं आणि आपल्या जुन्या रीतीनं मारलं. फ्रेंचमध्ये लिहिलं तर माझं नाव कुणाच्या डोक्यात येणार नव्हतं."

"बापाचं नाव का घातलंत त्यात?"

"एकटी पोरगी पोती उचलते, हे तुम्हाला पटलं असतं?"

नौपाचं रडणं थांबलं होतं. तो रूथवहिनींकडे बघत होता. मला त्या नजरेपुढे उभं राहवेना, आणि राग असा आला की हात उचलला गेला.

"आणि तो चहा? काल तो चहा स्वतःच्या हातानं मला दिलात?"

"अडवलं असतं तर का अडवते विचारलं असतंत," त्या म्हणाल्या. "आणि हात कुणावर उचलता? वादळानंतर सगळं गाव कंद उकडत होतं. तुमच्या ताटात भात कुठून यायचा, भाऊजी? पोलिसात होतात ना? एकदा तरी विचारलंत?"

नव्हतं विचारलं. हात खाली आला. हे सगळं मास्तरांनी ऐकलं, हॅरिसननं ऐकलं, नौपानंही ऐकलं.

६

बायकांना नाकामालमध्ये येता येत नाही. वहिनींना गोदामात कोंडून मी वडाखाली गेलो. पुरुष बसले होते, कावा गाळून तयार होता. वाटेत मास्तर एकदाच म्हणाले होते, "सार्जंट, रूथबाई पोलिसांच्या ताब्यात जातीलच. मुखियांपुढे घराण्याचं नाव घ्यायलाच हवं का?" भला माणूस. हॅरिसननंही मान हलवली. मी नौपाकडे पाहिलं. तो पुढे चालत राहिला.

मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. राख, बटणं, झाकण, पोती. नौपाच्या मुलीनं काही चोरलं नाही, नौपाला काही ठाऊक नव्हतं, हे तीनदा मोठ्यानं सांगितलं.

"मग चोर कोण?" मुखियांनी विचारलं.

"रूथ नासे. माझ्या भावाची बायको."

"राहते कुठे?"

त्यांना ठाऊक होतं. पण विचारणं भाग होतं, नियम तसा आहे.

"माझ्या अंगणात," मी म्हटलं. "माझ्या घराण्यातली."

"तू तो तांदूळ खाल्लास?"

"खाल्ला."

मुखियांनी पहिली वाटी नौपाला दिली. तो प्यायला, आणि लोकांनी रात्रीच्या रात्री त्याच्या मुलीसाठी कबर खणली, तिच्या आईशेजारी. मी खणायला गेलो तर माझ्या हातातलं फावडं कुणीतरी काढून घेतलं, शांतपणे.

आठवड्यानं पोलीस आले आणि वहिनींना घेऊन गेले. जाताना त्या मला म्हणाल्या, "डब्यात मीठ आहे, ओलं होऊ देऊ नका." बस, एवढंच.

त्याच दिवशी सकाळी नौपा माझ्या कुंपणापाशी आला. मागे त्याच्या तिघी मुली आणि खांद्यावर कुंपणाच्या नव्या खुंट्या घेतलेले त्याचे भाचे. मुखियांनी माझी जमीन त्याला लावली होती, मुलीच्या बदल्यात. खरं सांगू, मला आशा होती. म्हातारपणी माणूस फार आशा करतो.

"नौपा," मी म्हटलं, "तुझ्या पोरीचं नाव मी सोडवलं. मी गप्प बसलो असतो तर आज तू या जागी असतास."

"हो," तो म्हणाला. "म्हणून तुला शनिवारपर्यंत राहू देतो. दुसरा कुणी असता तर आत्ता हाकलला असता."

भाच्यांनी पहिली खुंटी ठोकायला घेतली. माझं डुक्कर घाबरून ओरडायला लागलं. नौपानं त्याच्याकडे एकदा पाहिलं.

"डुक्कर इथेच राहील," तो म्हणाला.

मी कुदळ घेतली आणि माझ्या बागेतले सुरण खणायला लागलो. वादळानंतर लावलेले, अजून पोसले नव्हते. मुठीएवढेच निघाले.